जुन्या संगणकाला मेमरी किती घालावी?

आमच्या कापडाच्या पेढीवर २०१२ साली घेतलेला संगणक आहे. बिले, खतावणी आणि जीएसटीची विवरणपत्रे एवढेच त्याचे काम. २०२३ च्या मार्चअखेरीस तो इतका मंदावला की, एक बिल निघेपर्यंत गिऱ्हाइकाचा चहा होऊन जाई. दुरुस्तीवाला म्हणाला, "शेठ, मेमरी कमी पडते, दोनाची आठ जीबी करा." आम्ही पैसे मोजले. नंतर पाहतो तर आठपैकी वापरात सव्वातीनच! आमचे विंडोज ३२ बिटचे होते आणि त्याला चार जीबीपलीकडची मेमरी वापरताच येत नाही. चारातलाही काही भाग यंत्राच्या इतर सुट्या भागांकडे जातो.

आमच्या व्यापारी बंधूंचा असा पैसा फुकट जाऊ नये, म्हणून हे लिहीत आहोत.

हार्ड डिस्क म्हणजे गोदाम आणि मेमरी म्हणजे दुकानातली गादी, ज्यावर आपण तागे उलगडून दाखवतो. गादी लहान असली की दर गिऱ्हाइकामागे तागे गोदामात ठेवायचे आणि पुन्हा आणायचे, यातच वेळ जातो. पण गिऱ्हाइके दोनच असतील तर गादी वाढवून काय उपयोग?

तेव्हा आधी गरज मोजा. ऐन गर्दीच्या वेळी, सगळी कामे उघडी असताना, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात मेमरी किती टक्के भरली ते दिसते. सकाळी रिकाम्या दुकानात पाहिलेला आकडा कामाचा नाही. गर्दीतही साठ-सत्तर टक्क्यांवर काटा थांबत असेल तर दोष मेमरीचा नव्हे, बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा. तिथे एसएसडी बसवावी. नव्वदच्या वर जात असेल तर मात्र मेमरी वाढवावी.

नुसती बिले व हिशेब असतील तर चार जीबीत भागते. त्याच वेळी इंटरनेटवर जीएसटीचे पान, बँक आणि व्हॉट्सॲप उघडे राहत असेल तर आठ हवी. सोळा जीबी साडीची नक्षी किंवा मोठे फोटो संगणकावर बनवणाऱ्या कारागिरांनी घ्यावी, आमच्यासारख्यांनी नव्हे.

मदरबोर्डाचीही मर्यादा असते. जी३१ चिपसेटच्या जुन्या बोर्डावर चार जीबीच्या पुढे जाता येत नाही, एच६१ वर सोळापर्यंत जाता येते. डीडीआर२ च्या जागी डीडीआर३ ची पट्टी बसतच नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते. म्हणून कापडाचा मेळ साधायला नमुना नेतो तशी जुनी पट्टी सोबत न्यावी.

आमचा प्रोसेसर ६४ बिटचा निघाला, हे नशीब. ३२ वरून ६४ वर जायचे तर विंडोज नव्याने टाकावे लागते, म्हणून आधी सगळ्या हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर काढली, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली आणि मगच काम सोपवले. आता गर्दीत पाच जीबीच्या आसपास लागते.

आणखी एक. विंडोज १० ची मोफत सुरक्षा दुरुस्ती सर्वसाधारणपणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली आणि इतक्या जुन्या यंत्राला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. मेमरी कितीही घाला, हे बदलत नाही. म्हणून अशा यंत्रात आम्ही यापुढे एक रुपयाही घालणार नाही. नवा घेईपर्यंत बँकेचे व्यवहार त्यावर करणे आम्ही बंद केले आहे.