पहाटेचे पाणी आणि मुलींचा अभ्यास

मुली मोठ्या होऊ लागल्या की घराला दोन आनंद होतात. पोरी शिकताहेत हा एक, आणि आईच्या मदतीला दोन हात आले हा दुसरा. या दोन आनंदांचे आपसात जमत नाही, हे मात्र कुणी बोलत नाही. आपण बायकाही "माझी थोरली आता सगळा स्वयंपाक करते" असे कौतुकाने सांगतो आणि त्याच दमात "मार्क मात्र कमी पडले हो" असेही म्हणतो.

मला दोन मुली. थोरली बारावीत, धाकटी आठवीत. घर घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत, दीड खोलीचे. नळाला पाणी पहाटे पाच ते सव्वासहा. तेवढ्यात पिंप, हंडे, कळशा भरायच्या आणि जमलेच तर कपडेही धुऊन घ्यायचे. वस्तीत राहणाऱ्या भगिनींना हे वेगळे सांगायला नको. अभ्यासाला शांत वेळ म्हणाल तर तीही हीच. सात वाजले की शेजारचा टीव्ही सुरू होतो, पाववाला ओरडतो, आणि मग पुस्तक उघडे असले तरी वाचन होत नाही.

बाबासाहेबांच्या अभ्यासाची गोष्ट आमच्या मुलींनी पाळण्यात असल्यापासून ऐकलेली आहे. परळच्या डबक चाळीतली एकच खोली. वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवीत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोनला त्याला उठवीत. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले ते अशा अभ्यासावर, ७५० पैकी २८२ गुण मिळवून. (मार्कांवरून मुलांना घालूनपाडून बोलणाऱ्या पालकांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.) गेल्या पावसाळ्यात ही गोष्ट पुन्हा निघाली, तेव्हा धाकटीने विचारले, "आई, मग त्यांच्याकडे पाणी कोण भरायचं?"

सगळे हसलो. पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आई भीमाबाई गेल्यावर बाबासाहेबांचा सांभाळ मीराआत्याने केला. वडिलांनी आपली झोप दिली. मुलाच्या हाती पुस्तक राहावे म्हणून घरातल्या मोठ्यांचे हात राबत होते. आपल्याकडे मात्र अजूनही मुलाला पहाटे अभ्यासाला उठवतात आणि मुलीला पाण्याला. गोष्ट दोघांनाही तीच सांगतात.

मी हे मुलींच्या वडिलांपुढे मांडले. ते कंपनीत पाळीने कामाला जातात. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "पाणी मी भरतो." पहिले काही दिवस दारापर्यंत निम्मा हंडा सांडायचा. नळावर कुणीतरी विचारलेच, "काय भाऊ, वहिनी आजारी आहेत का?" हे म्हणाले, "नाही, पोरीची बारावी आहे." त्यांची पहिली पाळी असते त्या आठवड्यात मी भरते. माझी दवाखान्यातली ड्यूटी सातची, त्यामुळे त्या दिवसांत भाजी आदल्या रात्रीच चिरून ठेवावी लागते. ओढाताण होते, नाही असे नाही.

मुलींना काम येऊच नये असे माझे म्हणणे नाही. रविवारी दोघी भाकरी करतात. धाकटीच्या भाकरीला कोपरे असतात. तिचे वडीलही तिच्याकडूनच शिकताहेत, त्यामुळे त्यांच्या भाकरीचे वर्णन न केलेले बरे. कामाची वेळ आणि अभ्यासाची वेळ एकमेकींवर येऊ नये, एवढेच पाहायचे.

सासूबाईंना हे पटलेले नाही. त्यातच नणंदेने स्थळ आणले. मुलगा रेल्वेत, घर स्वतःचे. "बारावी झाली की ठरवून टाका," असा निरोप. थोरलीला तर बारावीनंतरचा पाच वर्षांचा वकिलीचा अभ्यासक्रम करायचा आहे. सासूबाईंनी बोटांवर हिशेब केला, "म्हणजे तेविशी गाठेल पोर!" मी त्यांना नागपूरच्या परिषदेची आठवण दिली. २० जुलै १९४२ रोजी हजारो स्त्रियांसमोर बाबासाहेबांनी मुलींच्या लग्नाची घाई करू नका असेच सांगितले होते. त्या म्हणाल्या, "सांगितलं असेल, पण तेव्हा मुलं सापडत होती." यावर काय बोलणार!

मात्र परवा पहाटे शेजारीण थोरलीला हंडा धरायला हाक मारू लागली, तेव्हा दारात बसलेल्या सासूबाईच म्हणाल्या, "तिला नका बोलावू, वाचतेय ती." आणि स्वतः उठून गेल्या.

स्थळाचा विषय त्यांनी सोडलेला नाही. नणंद पुढच्या महिन्यात येणार आहे. तिच्याशी बोलायचे काम थोरलीने स्वतःकडे घेतले आहे. "आई, तू मध्ये बोलू नकोस," असे तिने मला आधीच बजावून ठेवले आहे.