धूर कोणत्या रंगाचा होता? हे न विचारता मी पार्ट विकला, त्याची गोष्ट



मागच्या व्हिडिओत काउंटरवर काचेच्या बरणीत ठेवलेली एक काळी रबरी चकती दिसली होती. तिची सहा पाती होती, त्यातली तीन तुटलेली. ती काय आहे आणि एवढी जपून का ठेवलीय, असं बऱ्याच जणांनी विचारलं. व्हिडिओत दोन वाक्यांत उरकलं, इथे नीट सांगतो. गावात स्पेअर पार्टचं किंवा इंजिन-पंप दुरुस्तीचं दुकान टाकायचा विचार असेल, तर चहा घेऊन बसा.

माझं दुकान शिंदखेड्याला. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. मोटर, पंप, पाइप, बेअरिंग आणि अजून जिवंत असलेल्या डिझेल इंजिनांचे पार्ट. बोटीशी आपला काय संबंध, असं वाटेल. पण आपल्याच तालुक्यात तापीवर सुलवाड्याचा बॅरेज आहे, खाली सारंगखेडा आणि प्रकाशाचे. पाणी अडलं की मासेमारी आली आणि मासेमारी आली की नाव आली. नावेवर बसवलेलं छोटं डिझेल इंजिन म्हणजे आपल्या विहिरीवरच्या इंजिनाचंच भाऊबंद. फरक एवढाच की विहिरीवर बंद पडलं तर माणूस घरी चालत येतो.

पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की तापी फुगते आणि सुलवाड्याचेही दरवाजे उघडावे लागतात. पूर ओसरल्यावर ते बंद होतात आणि पाणी पुन्हा अडतं. त्या सुरुवातीच्या दिवसांत पाण्यात गाळ, काडीकचरा, प्लास्टिक, फाटकी जाळी असं सगळं असतं. अशाच एका दिवाळीच्या आधी नदीकाठच्या गावातले एक आप्पा दुकानात आले. पन्नाशीचे, मासेमारी करणारे. नावेवर सिंगल सिलेंडरचं, नदीचंच पाणी खेचून थंड होणारं इंजिन.

“भाऊ, इंजिन तपी राह्यनं. धूर बी मारी राह्यनं.”

मी खाली बघून बिल लिहीत होतो. तापतंय, धूर येतोय, म्हणजे हेड गॅस्केट गेलं. आत पाणी जातंय, त्याची वाफ निघतेय. मी लगेच गॅस्केट सेट काढून दिला, ओळखीचा एक पोरगा फिटिंगला पाठवला. त्यानं हेड उघडलं, नवं गॅस्केट घातलं. आप्पांचे पार्ट आणि मजुरी मिळून २,६०० रुपये गेले.

तिसऱ्या दिवशी आप्पा परत. तेच दुखणं. मग मी नोझल तपासायला लावलं. त्यातही काही निघालं नाही. असं करता करता नाव अकरा दिवस काठाला. ते दिवस पाणी भरल्यानंतरचे, मासे लागायचे. बाजारात दर चांगला होता आणि यांचं जाळं घराच्या ओट्यावर वाळत पडलं होतं. आप्पा मला एक शब्द वाईट बोलले नाहीत. फक्त दुकानात यायचे थांबले. दुकानदाराला यापेक्षा मोठा इशारा नसतो, पण तो ऐकू येत नाही, हीच अडचण.

आप्पांनी मग एका जुन्या मिस्तरींना गाठलं. मला कळलं तसा मीही मोटरसायकल काढून नदीवर गेलो. खरं सांगायचं तर आपलं म्हणणं बरोबर होतं हे दाखवायला गेलो होतो.

मिस्तरी आधी काठावर बसले. पाना-पेटी उघडलीच नाही. पहिला प्रश्न विचारला, “धूर काया व्हता का धवया?”

काळा होता की पांढरा. आप्पा म्हणाले, काळा. जोरात नेलं की काळाकुट्ट, हळू चालवलं की कमी. मी तिथेच उभा होतो. गॅस्केट गेल्यावर पांढरी वाफ येते, काळा धूर नाही. हे मलाही माहीत होतं. मी विचारलंच नव्हतं.

काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. एकतर हवा कमी मिळतेय, एअर फिल्टर चोंदलंय. किंवा नोझल शिंपडायच्या ऐवजी ठिबकतंय. किंवा इंजिनावर त्याच्या ताकदीबाहेर ओझं आहे. नावेत हे तिसरं कारण बरेचदा पाण्याखाली लपलेलं असतं. मिस्तरींनी इंजिन बंद आहे याची खात्री केली, नाव उथळ पाण्यात ओढली आणि मागच्या पंख्यावरून हात फिरवला. नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा दांड्याभोवती दोरखंडासारखा आवळून बसला होता. इंजिन पंखा फिरवत नव्हतं, जाळं ओढत होतं.

मला वाटलं, झालं. मिस्तरी म्हणाले, थांबा, हे अर्धंच आहे. ओझ्यानं धूर आला हे पटलं, पण एवढं तापायला पाणीही कमी पडत असणार.

मग त्यांनी जे केलं ते मी आता प्रत्येक पोराला शिकवतो. इंजिन चालू केलं आणि थंड करून बाहेर पडणारं पाणी दहा लिटरच्या बादलीत धरलं. बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजलं. धार बारीक होती, मध्येच तुटत होती. पाणी खेचणाऱ्या पाइपच्या तोंडाची जाळी पाहिली, तिच्यावर गाळ आणि पॉलिथिन. ती साफ केली, धार थोडीच वाढली. मग पाण्याच्या पंपाचं झाकण चार स्क्रू काढून उघडलं. आत ती रबरी चकती, म्हणजे इंपेलर. तीन पाती गायब.

इंपेलरला वंगण पाण्याचंच. जाळी चोंदून पंप कोरडा फिरला की रबर घासून, तापून काही मिनिटांत जातं. गाळाचं पाणी असेल तर रोज थोडं थोडं झिजतं. मी म्हटलं, नवा इंपेलर देतो, लगेच बसवू. मिस्तरींनी माझ्याकडे बघून विचारलं, “मोडलेली पाती कुठंयत?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाती पाण्याबरोबर पुढे गेली होती. दोन तुकडे इंजिनात पाणी शिरतं त्या वाकड्या नळीत अडकलेले सापडले. तिसरा सापडेना. मी दोनदा म्हणालो, राहू द्या, बारीक आहे. त्यांनी ऐकलं नाही. पाणी उलट्या बाजूनं सोडलं, तेव्हा तिसरा तुकडा गाळाबरोबर बाहेर आला. तो तिथेच राहिला असता तर नवा इंपेलर घालूनही इंजिन तापलंच असतं, आणि मी आप्पांना चौथा पार्ट विकला असता.

माझ्या पोरानं काढलेलं जुनं गॅस्केट आप्पांनी पिशवीत ठेवलेलं होतं. मिस्तरींनी ते उन्हात धरलं. कुठे जळाल्याची खूण नाही. कुणी काही बोललं नाही. मी गॅस्केटचे आणि मजुरीचे पैसे तिथेच परत केले. अकरा दिवसांचे मासे कसे परत करणार?

बीबीएला मला माल किती वेगानं फिरतो याचं गणित शिकवलं होतं. ते उपयोगी आहेच, मी आजही वापरतो. पण त्या गणिताप्रमाणे ते गॅस्केट विकलं गेलं ही यशस्वी विक्री होती. वहीत ती अजून तशीच दिसते.

आता धुराचं नीट समजून घ्या, कारण तुमच्या काउंटरवर येणारा माणूस फक्त ‘धूर येतोय’ एवढंच म्हणणार. काळ्याचं वर सांगितलं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय: रिंग झिजल्यात, व्हॉल्व्ह गाइड ढिले झालेत किंवा कुणी खुणेच्या वर ऑइल भरलंय. हे शेवटचं आधी बघा, त्याला पैसे लागत नाहीत. पांढऱ्या धुरात फसगत होते, कारण तो दोन तऱ्हेचा असतो. डोळ्यांना झोंबणारा, डिझेलचा वास येणारा असेल तर न जळलेलं डिझेल आहे: इंजिन थंड असेल, टायमिंग चुकलं असेल किंवा कॉम्प्रेशन कमी झालं असेल. वास नसलेली, हवेत लगेच विरणारी वाफ असेल आणि इंजिन गरम झाल्यावरही येत राहिली, तर मात्र आत पाणी जातंय अशी शंका घ्या. मग ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल ताकासारखं पांढुरकं झालं असेल, तर हेड उघडायची वेळ आली. त्याआधी नाही.

पेट्रोलवर चालणारं, नावेच्या मागे लटकवायचं टू-स्ट्रोक मशीन असेल तर थोडा निळसर धूर स्वाभाविक आहे, कारण पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. बऱ्याच मशीनला प्रमाण पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिली. पण कंपनीचं पुस्तक काय म्हणतं तेच धरायचं. ‘जरा जास्त टाकलं तर बरं’ असं समजून लोक ओततात आणि मग धुराची तक्रार घेऊन येतात. या मशीनला बाजूनं पाण्याची एक बारीक धार सतत उडत असते. ती बंद झाली की मशीन बंद करायचं. बरेचदा त्या भोकातच माती बसलेली असते आणि बारीक तारेनं काम होतं.

इंजिन पाण्यात असतानाच तापलं तर? नर्मदेच्या बाजूला, अक्कलकुवा आणि धडगावच्या ज्या गावांना सरदार सरोवराच्या पाण्यानं वेढलंय, तिथे बाजार, दवाखाना, सगळं बोटीनं. तिथे इंजिन बंद पडणं म्हणजे रस्ताच बंद पडणं. अशा गिऱ्हाइकाला पार्ट देताना हेही सांगा: आधी वेग कमी करा. थंड करणारं पाणी बाहेर पडत असेल तर इंजिन थोडा वेळ हळू चालू ठेवा, म्हणजे आतली गरमी निघते. पाणीच येत नसेल तर लगेच बंद. नांगर टाका, नाहीतर वल्ह्यानं काठाकडे या. लाइफ जॅकेट इंजिन दुरुस्त होईपर्यंत अंगातच. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, हेडला चीर जाते. झाकण असलेला रेडिएटर असेल तर ते झाकण गरम असताना उघडायचं नाही, वाफेनं तोंड भाजतं. पेट्रोलचं मशीन असेल तर जवळ काडी ओढायची नाही, हे सांगायला नको, पण सांगा.

आणि दुरुस्तीनंतरची ट्रायल रिकाम्या नावेत, काठाजवळ, इतर नावांपासून लांब. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत एलिफंटाकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची एक स्पीड बोट धडकली आणि डझनाहून जास्त लोक गेले. त्या स्पीड बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. आपलं इंजिन त्यापुढे खेळणं आहे, पण ट्रायलला पोरंटोरं नावेत बसवायची सवय आपल्याकडे आहे, म्हणून लिहिलं.

दुकानात मी काय बदललं, तेही सांगतो. आता तापण्याची किंवा धुराची तक्रार आली की पार्ट दाखवायच्या आधी वहीत चार गोष्टी लिहितो: धुराचा रंग, हळू चालवताना तापतं की जोरात, पाण्याची धार कशी आहे, आणि शेवटचं नीट कधी चाललं होतं व त्यानंतर काय बदललं. फोनवर असेल तर धुराचा आणि धारेचा व्हिडिओ पाठवायला सांगतो. जागेवर जाऊन बघायचे २०० रुपये घेतो, काम आमच्याकडे केलं तर बिलात वळते करतो. सुरुवातीला लोक कुरकुरले, “नुसतं बघायचे पैसे?” मी बरणी दाखवतो. बघायचे पैसे घेतले नाहीत तर दुकानदार ते पार्ट विकून काढतो, आणि मी ते केलेलं आहे.

बदललेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचाच. आणि इंजिन निरोगी असताना बादली किती सेकंदांत भरते तो आकडा ऑइलपेंटनं इंजिनाच्या बाजूला लिहून ठेवायचा. पुढच्या वेळी वाद नको. हीच युक्ती विहिरीवरच्या इंजिनालाही चालते. आपल्याकडच्या क्षाराच्या पाण्यानं आतल्या वाटा वर्षानुवर्षं बारीक होत जातात, तेव्हा सेकंद हळूहळू वाढताना दिसतात.

मालाचंही उलटं झालं. गॅस्केट सेटमध्ये नफा जास्त, म्हणून मी तेच भरून ठेवायचो. आता इंपेलर, पाइपच्या पट्ट्या, जाळ्या, होज पाइप हा किरकोळ माल समोर असतो. एकेका नगावर सुटतं थोडंच. पण नदीकाठची माणसं दसऱ्याच्या आधीच येऊन इंपेलर बदलून घेतात, पूर ओसरून नाव पाण्यात जायच्या आत.

मिस्तरींना मी दुकानात बसायची विनंती केली. नाही म्हणाले. आठवड्यातून एक दिवस येतात, चहा घेतात, माझी तक्रारींची वही वाचतात आणि पेन्सिलनं खुणा करतात. मागच्या महिन्यात एका पानावर मी ‘धूर पांढरा’ लिहिलं होतं. त्यांनी बाजूला लिहिलं, ‘वास?’

आप्पा साधारण दीड वर्षानं परत आले. आता इंपेलर, पट्टी, ऑइल माझ्याकडूनच नेतात. हेड उघडायचं काम निघालं, की मात्र अजूनही माझ्या समोर उभे राहून आधी मिस्तरींना फोन लावतात.