हा कॉम्प्युटर कुणाच्या खात्यात?

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात ब्रँडचा विषय सहसा निघतच नाही. "बजेट किती, काम काय?" एवढं विचारून दुकानदार चिठ्ठीवर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट, एसएमपीएस असं एकाखाली एक लिहितो आणि पोऱ्या निम्मा माल शेजारपाजारच्या दुकानांतून उचलून आणतो. पुढचं काम काउंटरला टेकून बघण्यासारखं असतं. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवायचा, सॉकेटचा खटका उचलायचा, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला बारीक त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि अलगद सोडायचा, दाबायचा नाही. थर्मल पेस्टचा ठिपका, त्यावर पंखा. कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी बाहेरच चालू करून बघतात. बटन अजून जोडलेलं नसतं, म्हणून स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन पिनांना क्षणभर टेकवायचं. पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं उमटली की पोरगा मान न वळवताच म्हणतो, "आला."

आता हा आलेला कॉम्प्युटर कुठल्या कंपनीचा? बाजारातला हिस्सा सांगणाऱ्या आयडीसी, गार्टनर या संस्थांचे तिमाही आकडे मुख्यतः कंपन्यांनी रवाना केलेल्या खोक्यांवर बेतलेले असतात. या यंत्राचं अख्खं खोकं कुठल्याच कारखान्यातून निघालेलं नाही. धरलंच तर अंदाजाने, 'इतर'च्या रकान्यात. उलट तिमाही संपताना स्कीम लावून वितरकाच्या गळ्यात मारलेला माल गोदामात पडून असला, तरी हिशेबात तो गेलेलाच. शिवाय कॉम्प्युटर कशाला म्हणायचं यावरही एकमत नाही. 2012 च्या तिसऱ्या तिमाहीत गार्टनरने लेनोव्होला 15.7 टक्के आणि एचपीला 15.5 टक्के देऊन लेनोव्होला जगात पहिलं ठरवलं. आयडीसीने त्याच तिमाहीत एचपीला 15.9 टक्के देऊन पहिला नंबर तिच्याकडेच ठेवला. आयडीसी वर्कस्टेशनही मोजते, ते धरा, असं एचपीचं म्हणणं होतं. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

आपल्याकडे तर एक टेंडर सगळं चित्र फिरवतं. उत्तर प्रदेश सरकारने विद्यार्थ्यांना वाटण्यासाठी सुमारे 15 लाख लॅपटॉपांची ऑर्डर एचपीला दिली, 2013 मध्ये ते वाटले गेले, आणि देशातला एचपीचा हिस्सा त्या काळात चांगलाच फुगला. त्या मुलांपैकी एकानेही दुकानात जाऊन एचपी निवडला नव्हता.

लॅमिंग्टन रोडच्या त्याच गल्लीत सेकंडहँड लॅपटॉपांच्या थप्प्या असतात. बड्या ऑफिसांनी वापरून काढून टाकलेले. कीबोर्ड बदलायचा, बॅटरी तपासायची, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकायची, की लॅपटॉप आणखी चार-पाच वर्षं कॉलेजात किंवा क्लासच्या रिसेप्शनवर चालतो. मोजणीत तो एकदाच येऊन गेला, कोरा असताना. नवा लॅपटॉप स्वस्तात पडावा म्हणून कित्येक जण डॉसवाला घेतात. कंपनीच्या कागदावर तो विंडोजशिवाय गेला. दुकानातून बाहेर पडेपर्यंत पेनड्राइव्हवरून विंडोज 'मारलेलं' असतं.

मग वापरच का मोजू नये? स्टॅटकाउंटर तेच करतं: लाखो संकेतस्थळांवर आपला कोड बसवून उघडलेली पानं मोजतं. म्हणजे दिवसभर पानंच पानं उघडणारा एकटा माणूस वीस जणांइतका भरतो आणि सकाळी टॅली उघडून रात्री बंद करणारा अकाउंटंट जवळजवळ दिसतच नाही. मे 2012 मध्ये स्टॅटकाउंटरच्या मते क्रोम जगात पहिला होता. पानांऐवजी माणसं मोजून देशवार वजन देणाऱ्या नेट अॅप्लिकेशन्सच्या मते इंटरनेट एक्सप्लोररच निम्म्याहून अधिक. ब्राउझर स्वतःविषयी जे सांगतो तेही धड नसतं. विंडोज 11 वरचा क्रोम स्वतःला 'विंडोज एनटी 10.0' म्हणवतो, आणि 2019 पासून आयपॅडवरचा सफारी स्वतःची ओळख मॅक म्हणून करून देतो. ज्यांना हे सगळं कळतं ते तर मोजणारा कोडच ब्लॉकरने अडवतात, त्यामुळे आपण मोजणीत कमी भरतो ही लिनक्सवाल्यांची तक्रार मला अगदीच पोकळ वाटत नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त कौतुक डीटीपीवाल्यांच्या मशीनचं आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, मंडळाची पावती पुस्तकं, सगळं त्यावरच. विंडोज सेव्हन, पेजमेकर, मागच्या यूएसबीत श्रीलिपीचं डोंगल. नेट मुद्दाम काढून ठेवलेलं, कारण एखादा अपडेट येऊन जोडाक्षरं फुटली तर ऐन सीझनमध्ये धंदा बसेल. दहा-दहा तास चालणारं हे यंत्र स्टॅटकाउंटरच्या लेखी जन्मलेलंच नाही. गणपतीचं चित्र लागलं की ऑपरेटर खिशातला फोन काढून गूगलवर शोधतो, उतरवून घेतो, केबल लावून मशीनमध्ये ओढतो. पानं उघडली ती फोनवर. पत्रिका मशीनने छापली, नोंद अँड्रॉइडच्या नावावर पडली.