बेटावरची क्रो आणि आपल्या मनातला डाग

बैठकीत बचतीचे पैसे जमा झाले, की आमच्या गटात अर्धा तास गोष्टीचा असतो. गेल्या महिन्यात एका ताईच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने एका इंग्रजी कादंबरीची गोष्ट आम्हाला मराठीत सांगितली. आहे मुलांसाठीची, पण गप्प झालो आम्ही.

अमेरिकेतल्या लॉरेन वोल्क यांची 'बियाँड द ब्राइट सी' ही कादंबरी २०१७ साली आली. गोष्ट १९२५ सालची, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या लहान बेटांवरची. नुकतंच जन्मलेलं बाळ कुणीतरी होडीत ठेवून समुद्रात सोडलेलं. एकटा राहणारा ओश ते उचलतो, पोटच्या पोरीसारखं वाढवतो. तिचं नाव क्रो, म्हणजे कावळा. शेजारच्या मिस मॅगी तिला शिकवतात. बाकी लोक मात्र तिच्यापासून चार हात लांब. ती पेनिकीज बेटावरून आली असावी, असा त्यांना संशय. तिथे कुष्ठरोग्यांना ठेवत.

क्रो बारा वर्षांची असताना एका रात्री त्या बेटावर आग दिसते आणि तिचा शोध सुरू होतो. माझे आईबाप कोण? त्यांनी मला का सोडलं? रहस्य आम्ही फोडत नाही. एवढंच सांगतो, की रक्ताचं नातं शोधताना सांभाळणाऱ्याची किंमत तिला कळते.

गोष्ट कल्पनेतली, पण पेनिकीज खरं आहे. १९०५ ते १९२१ तिथे कुष्ठरोग्यांचं रुग्णालय होतं. तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं, म्हणून माणसं घरापासून तोडत. आज औषध आहे. मग आपण का तोडतो?

हो, आपणच. आमच्या गटातल्या एकीच्या सासऱ्यांना हा आजार निघाला, तेव्हा तिच्या हातचा चहा आम्ही टाळला. तिच्या लेकराजवळ आमची मुलं बसू दिली नाहीत. ती काही बोलली नाही, फक्त बैठकीला यायची बंद झाली.

म्हणून नीट समजून घेऊ. कुष्ठरोग हा जंतूमुळे होतो, पापामुळे नाही. तो आईच्या पोटातून बाळाला येत नाही. हात लावल्याने, एका पंगतीत जेवल्याने होत नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गोळ्या फुकट मिळतात. आजाराच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्याव्या लागतात. औषध सुरू झालं, की रोग्यापासून इतरांना लागण होत नाही. उशीर केला तर मात्र हातापायाला व्यंग येऊ शकतं. आणि उशीर होतो तो लपवल्यामुळे, लपवावं लागतं ते आपल्या भीतीमुळे.

गोष्ट संपल्यावर आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. तिने चहा ठेवला. आम्ही प्यायलो. माफी मागायला शब्द सापडले नाहीत, पण या महिन्यात ती बैठकीला आली, लेकरालाही घेऊन.

तुमच्या गटातली एखादी अशीच येईनाशी झाली आहे का? आज संध्याकाळी तिच्या दारात जा.