बेडसे लेणी पाहून आलात? पोस्ट टाकण्याआधी फोटोचे ‘डिटेल्स’ उघडा

कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला लागलं की बेडसे गाव येतं. पायऱ्या चढून वर गेलात की कार्ल्यासारखी गर्दी नसते, म्हणून फोटो झकास येतात. घरी आल्यावर ते फोटो आणि चार परिच्छेद नेटवर टाकायची हुक्की येतेच.

तिथल्या चैत्यगृहाच्या व्हरांड्यात एका खोलीच्या दारावर ब्राह्मी लिपीत ओळ कोरलेली आहे: नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक, त्याचं हे दान. नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं एका ओळीत! त्याला ते कायम टिकायला हवं होतं. आपल्याला तसं नको असतं, पण फोन नकळत तेच करतो.

लोकेशन चालू ठेवून फोटो काढला की अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ फोटोच्या फाइलमध्येच लिहिले जातात. याला एक्झिफ डेटा म्हणतात. तुम्ही म्हणाल, लेणी कुठे आहेत हे सगळ्यांनाच माहीत आहे, मग बिघडलं काय? लेण्यांच्या फोटोने काहीच बिघडत नाही. पण पहाटे निघताना घरात काढलेला बॅगेचा फोटो? त्यातून तुमचं घर काही मीटरच्या अंतरात सापडू शकतं.

गुगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवा. खाली नकाशा दिसला तर लोकेशन नोंदलेलं आहे. अँड्रॉइडच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘लोकेशन टॅग’ किंवा ‘सेव्ह लोकेशन’ असा पर्याय असतो, तो बंद करा. आयफोनवर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस, कॅमेरा इथे जाऊन ‘नेव्हर’ निवडा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून पडते, पण तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तशीच जाते. स्वतःच्या साइटवर मूळ फाइल चढवतानाही हाच धोका असतो. घाईत असाल तर फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो टाका. क्वालिटी थोडी कमी होईल, एवढंच.

आणि हो, पोस्ट परत आल्यावर टाका. ‘आम्ही सगळे दोन दिवस बाहेर’ हे चोरालाही वाचता येतं.

आता दुसऱ्यांबद्दल. गावातल्या काकींनी हसून फोटो काढू दिला, याचा अर्थ नेटवर टाकायला होकार दिला असा होत नाही. ‘काकी, हा मोबाइलवर सगळ्यांना दिसेल, चालेल का?’ असं सरळ विचारा. लहान मुलांचे चेहरे टाकूच नका. मित्र पायऱ्यांवर घसरून रडला, हा किस्सा कितीही भारी असला तरी तो त्याचा आहे. आधी त्याला वाचायला द्या.

राग आला असेल तर मात्र शब्द तपासाच. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त लाइक केलं होतं. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. बरं झालं. पण बदनामीचा कायदा आजही आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये. त्यामुळे ‘हॉटेलवाला चोर आहे’ असं लिहिण्यापेक्षा ‘पाण्याच्या बाटलीचे छापील किमतीपेक्षा दहा रुपये जास्त घेतले’ असं लिहा, आणि बिल जपून ठेवा. बिलाचा फोटो टाकलात तर त्यावरचा तुमचा मोबाइल नंबर गडद काळ्या चौकोनाने झाका. हायलायटर फिरवून भागत नाही; ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे दिसू शकतात.

आधीच काही टाकून बसला असाल तर फोटो काढून पोस्ट पुन्हा सेव्ह करा. गुगलच्या निकालांत जुनंच दिसत राहिलं, तर गुगलचं ‘रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट’ हे टूल उघडून त्यात त्या पानाची लिंक द्या.