जांभ्याच्या भिंती आणि बिनतारी लहरी : लहान सदनिकेसाठी राउटरची निवड

बोलींच्या अभ्यासकास ध्वनिमुद्रक जितका आवश्यक, तितकीच मुद्रणे दूरच्या संग्रहाकडे सुखरूप पोहोचविणारी इंटरनेटची जोडणीही आज आवश्यक झाली आहे. प्रतिसेकंद ४८,००० नमुने व २४ बिट ह्या प्रमाणाने केलेले संगमेश्वरी बोलीचे एका तासाचे द्विमार्गी मुद्रण सुमारे १,०४० मेगाबाइट भरते. ते १० मेगाबिट वेगाने पाठवावयास चौदा मिनिटे लागतात, २ मेगाबिट वेगाने सत्तर. आणि मध्येच जोडणी तुटल्यास पुष्कळदा पुनश्च आरंभ करावा लागतो. रत्नागिरीत मारुती मंदिर ते साळवी स्टॉप ह्या भागात दोन खोल्यांच्या सदनिकेत राहून काम करणाऱ्या संशोधकास राउटरची निवड म्हणूनच क्षुल्लक वाटत नाही.

तारेने वा काचतंतूने घरात आलेली जोडणी अनेक उपकरणांत वाटून देणे हे राउटरचे कार्य. हे वाटप ज्या लहरींनी होते त्यांचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. आकाशवाणीच्या मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर असते. डोंगर आड आला तरी त्या वळसा घालून पलीकडे जातात. राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहर मात्र जेमतेम साडेबारा सेंटिमीटरांची, आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील तर साडेपाच-सहा सेंटिमीटरांची. अशा आखूड लहरींना भिंत हा खरा अडथळा होय. कोकणातील पुष्कळ इमारतींत भिंतींसाठी जांभ्याचा चिरा वापरतात. वीतभर जाडीची ही भिंत सच्छिद्र असते, पावसाळ्यात ओल धरते, आणि पाणी ह्या लहरी शोषून घेते. सळयांनी भरलेले काँक्रीटचे खांब त्याहूनही कठोर. परिणामी ५ गिगाहर्ट्झची लहर एका भिंतीपलीकडे कामापुरती उरते, दोहोंपलीकडे बहुधा क्षीण होते.

मग २.४ चाच पट्टा का वापरू नये? कारण तेथे दाटी फार. ह्या पट्ट्यात परस्परांस न छेदणारे मार्ग तीनच आहेत, आणि २००५ पासून तो भारतात परवान्याविना खुला असल्यामुळे शेजारच्या प्रत्येक घरातील राउटर त्याच तिहींत बोलत असतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा असाच खुला झाला, तेव्हा कोठे मोकळी जागा मिळाली. म्हणून दोन्ही पट्टे असलेलाच राउटर घ्यावा; त्यात तडजोड नसावी. (जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, पण ‘बिनतारी’ हा शब्द मागे राहिला, तो येथे निःसंकोच वापरावा.)

वेष्टनावरील आकडा हा ग्राहकाच्या भ्रमाचे मुख्य कारण होय. ‘१२००’ असे जेथे छापलेले असते, तेथे एका पट्ट्याचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ मेगाबिट ह्यांची बेरीज करून ती फुगविलेली असते. सामान्यतः भ्रमणध्वनी एका वेळी एकाच पट्ट्यात बोलतो, आणि प्रत्यक्ष वेग त्या पट्ट्याच्या आकड्याच्याही निम्म्याच्या आसपास पडतो. त्याहून लबाडीची गोष्ट मागील बाजूस असते. अनेक स्वस्त राउटरांत तार जोडावयाचे द्वार १०० मेगाबिटचेच असते. जोडणी २०० ची घेतली तरी आत शंभरापेक्षा अधिक येणार कोठून? द्वार ‘गिगाबिट’ आहे काय, हा एक प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावा. शृंगांची संख्या मोजण्यात अर्थ नाही. प्रक्षेपणशक्तीस शासकीय मर्यादा आहे. सहा शृंगे लावल्याने चिरा पातळ होत नाही. २०२१ मध्ये मान्य झालेल्या ‘वायफाय ६’ ह्या प्रमाणाचा उपयोग दाटीत अनेक उपकरणे एकदम चालवावयाची असता होतो. एकट्या संशोधकाने त्यासाठी फार मूल्य मोजण्याचे कारण नाही.

वस्तुतः खरेदीपूर्वी एक परीक्षा करावी. संगणक तारेने जोडून वेग पाहावा, मग आतल्या खोलीत बिनतारी पाहावा. तारेनेच वेग मंद असेल तर दोष राउटरचा नव्हे. उतरणीचा व चढविण्याचा वेग निरनिराळा पाहावा, कारण काही योजनांत दुसरा पुष्कळच कमी असतो आणि मुद्रणे पाठविणाऱ्याचे काम त्याच्यावरच अवलंबून असते. पुष्कळदा पुरवठादाराने दिलेल्या पेटीतच राउटर असतो. तो दाराजवळच्या कोपऱ्यातून अथवा पोलादी कपाटामागून काढून दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीवर, दाराच्या उघड्या बाजूस, खांद्याच्या उंचीवर बसविला की नवा घेण्याची निकड उरत नाही. लेखनाचे मेज जागचे हलत नसेल तर तेथपर्यंत तार नेणे सर्वांत उत्तम. तिला चिऱ्याची बाधा नाही.

राहिला विजेचा प्रश्न. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले, तेव्हा जिल्ह्याच्या उत्तरेस कित्येक दिवस वीज नव्हती. त्यावर घरगुती उपाय नाही. परंतु पावसाळ्यातील घटका-दोन घटकांचा खंड, नेमका मौखिक परीक्षेच्या वेळी येणारा, लहानशा विजेरी-संचाने टाळता येतो. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात. संच घेताना काचतंतूची पेटी व राउटर वेगवेगळे असल्यास दोहोंस पुरेल असाच घ्यावा. एकच चालू राहून उपयोग नाही. वीज कडाडू लागली की दोहोंचे खटके मात्र भिंतीतून काढून ठेवावेत. काचतंतूतून विजेचा लोळ येत नाही, पण विद्युत्‌पुरवठ्याच्या तारेतून येतो.