अंधारातच उघडायचं घड्याळ

अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर घासून पाहिल्या आहेत का कधी? झर्रकन उजेड चमकतो. लहानपणी आम्ही गोधडीत शिरून हा खेळ खेळायचो. दगडातून उजेड कसा येतो, याचं तेव्हा फार नवल वाटायचं. आज मी सांगणार आहे ती गोष्टही दगडातल्या उजेडाचीच, पण तो उजेड वेगळ्या कारणाने येतो.

चेन्नईपासून साधारण ६० किलोमीटरवर अत्तिरमपाक्कम नावाचं गाव आहे. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८६३ मध्ये तिथे आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली. पुढे पुरातत्त्वज्ञ शांती पप्पू, कुमार अखिलेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे कित्येक वर्षं उत्खनन केलं. खालच्या थरांत मोठमोठ्या हातकुऱ्हाडी होत्या. वरच्या थरांत मात्र लहान हत्यारं होती. आधी दगडाला नीट आकार द्यायचा आणि मग त्याचा हवा तसा छिलका काढायचा, अशी ही हुशारीची कला!

पण ही कला किती जुनी? कार्बनची पद्धत सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे चालत नाही. मग शास्त्रज्ञांनी विचारलं कुणाला? हत्यारांभोवतीच्या मातीतल्या बारीक कणांना!

इथे येतो क्वांटम भौतिकीचा एक नियम. जिना चढताना तुम्ही तिसऱ्या पायरीवर असता किंवा चौथ्या. साडेतिसऱ्या पायरीवर उभं राहताच येत नाही. मातीतले हे कण म्हणजे बारीक स्फटिकच. स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनचंही तसंच. त्याला ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्याच मिळतात. पण स्फटिकात कुठे खोट असेल, तर मध्येच एक खोबण तयार होते. मातीत थोडं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम असतंच. त्यांच्या किरणांचा धक्का बसला की इलेक्ट्रॉन वर उडतो आणि एखादा त्या खोबणीत अडकतो. मग हजारो, लाखो वर्षं तिथेच! ऊन लागलं, की सुटका.

म्हणजे बघा, कण उन्हात होता तेव्हा खोबणी रिकाम्या झाल्या. मातीखाली गाडला गेला आणि त्या पुन्हा भरू लागल्या. घड्याळ सुरू!

हे घड्याळ वाचायची रीत मला भारी आवडते. उत्खननासाठी खणलेल्या चराच्या भिंतीत नळी ठोकायची आणि आतली माती उजेड न दाखवता प्रयोगशाळेत न्यायची. तिथे मिणमिणत्या लाल दिव्यात काम चालतं. मातीतल्या फेल्डस्पार या खनिजाच्या कणांवर अवरक्त किरण सोडले की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि निळसर प्रकाश निघतो. तो इतका मंद असतो, की डोळ्यांना दिसत नाही. तो यंत्रानेच मोजावा लागतो. जितका उजेड जास्त, तितका गाडलेला काळ मोठा.

उत्तर २०१८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात छापून आलं. अत्तिरमपाक्कमला ही नवी कला सुमारे ३,८५,००० वर्षांपूर्वी सुरू झाली होती! आफ्रिकेतून निघालेल्या आधुनिक माणसांनी ती फार नंतर, सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास भारतात आणली, असं बरेच अभ्यासक मानत होते. आता तो सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतोय. ती हत्यारं घडवणाऱ्यांची हाडं तिथे मिळालेली नाहीत. हाती आहेत ती फक्त त्यांची हत्यारं.

म्हणून एक विनंती. कुठे उत्खनन पाहायला गेलात, तर चराची भिंत खरवडू नका. आतल्या कणांना ऊन लागलं, की त्यांनी जपलेला काळ कायमचा पुसला जातो.